निळ्या शेल्याचा मेघकेतू

मयुराचं लग्न जमलं तेव्हा मध्यस्थांनी सांगितलं होतं, सासूबाईंना वाचनाची भारी आवड आहे. काय वाचतात ते काही सांगितलं नव्हतं. लग्नानंतर चौथ्या दिवशी सासूबाईंचं लोखंडी कपाट तिनं पहिल्यांदा उघडं पाहिलं, तर आत देव नव्हते, पैठण्या नव्हत्या. वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत कॉमिक्सचा हिरो मेघकेतू होता. ढगांतून झेप घेणारा, छातीवर वीज कोरलेला, पाठीवर शेला फडफडवणारा मेघकेतू. त्यातही सातव्या अंकाच्या आठ प्रती एका ओळीत, प्लास्टिकच्या पिशव्यांत, पुठ्ठा लावून ठेवलेल्या.

"आई, एकच पुस्तक आठ वेळा कशाला?"

प्रेमलताबाईंनी चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं. "एकच? पाह्य बरं नीट. जुळ्या पोरी काय एक असतात का वं?"

मग त्यांनी आठही प्रती पलंगावर मांडल्या. हिची किंमत तीन रुपये, हिच्यावर साडेतीनची चिठ्ठी चिकटवलेली. ही हिंदी, ही मराठी. हिच्या मागच्या पानावर चिक्कीची जाहिरात, हिच्या मागं सायकलची. हिचा कागद खरखरीत, हिचा गुळगुळीत. एका प्रतीत तर अकरावं पान दोनदा छापलेलं आणि बारावं गायब. मयुरा एम.कॉम. झालेली, तिला वाटलं, ही बाई हिशेब तपासायला बसली असती तर भल्याभल्यांना घाम फुटला असता.

या ज्ञानाचं मूळ जुनं होतं. मयुराचा नवरा मोहित लहान असताना प्रेमलताबाई घराच्या समोरच्या खोलीत लायब्ररी चालवायच्या. चार आणे रोज भाडं. अंक आला की त्याच्या पाठीला जाड दोऱ्यानं टाके घालायचे, शिक्का मारायचा आणि मग तो पोरांच्या हाती द्यायचा. दहा वर्षं त्यांनी टाके घातले. पोरांनी मेघकेतूच्या गोष्टी वाचल्या, प्रेमलताबाईंनी त्याची छपाई वाचली. कोणत्या खेपेला पिना कुठं मारल्या, कोणत्या खेपेला काळी शाई पातळ झाली, हे त्यांच्या बोटांना पाठ झालं. केबल आल्यावर लायब्ररी बसली. बोटं काही विसरली नाहीत.

नूपुर झाल्यावर मात्र मयुराला त्या कपाटाची धास्ती वाटायला लागली. जुना कागद, धूळ, त्यात डांबरगोळ्या. रांगतं लेकरू पांढरी गोळी पेपरमिंट समजून तोंडात टाकायला कितीसा वेळ? रात्री नूपुर खोकली की मयुरा उठून बसायची आणि श्वास मोजायची. शेवटी एकदा धीर करून तिनं सासूबाईंना सांगितलं. वाद होईल म्हणून चार वाक्यं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सगळ्या डांबरगोळ्या बाहेर गेल्या होत्या आणि प्रेमलताबाई वाळल्या कडुलिंबाच्या पाल्याच्या पुरचुंड्या शिवत बसल्या होत्या.

"पोट्टीच्या खोकल्याहून मेघकेतू मोठा नाई," त्या म्हणाल्या. "पण आता मेघकेतूलेबी पाय पुसून आत ये म्हणतं का वं?"

त्या दिवसापासून मयुरा त्या कपाटाकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहायला लागली.

आठ प्रती होत्या, पण प्रकार नऊ. नववी प्रेमलताबाईंकडे नव्हती. लायब्ररीच्या दिवसांतही त्यांच्या हाताखालून गेली नव्हती. सातवा अंक पहिल्यांदा छापायला घेतला त्या सकाळी म्हणे तांबड्या शाईच्या पत्र्यावर, म्हणजे छपाईच्या प्लेटवर, शेल्याची जागा कोरीच राहिली. निळ्यावर तांबडा चढला की जांभळा होतो. तांबडा चढलाच नाही, म्हणून शेला नुसता निळा. दुपारी कुणाच्या तरी लक्षात आलं, पत्रा बदलला आणि पुढचे सगळे मेघकेतू जांभळ्या शेल्याचे निघाले. सकाळचे काही शे अंक मात्र गाड्यांवर चढून गेले होते. विदर्भातले तीस-चाळीस शौकीन त्या निळ्या शेल्यासाठी जीव टाकायचे. त्यांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप होता आणि ग्रुपवर कुणी काही मिळाल्याचं टाकलं, की खाली पहिलं उत्तर ठरलेलं: 'प्रेमलताकाकूंनी पाहिला का?' काकूंनी पाहिला म्हणजे पक्कं. त्यावर कुणी पुढं बोलत नसे.

अशात एका शनिवारी वाडीच्या विक्कीचा फोन आला. विक्कीचं अमरावती रोडला ट्रान्सपोर्टचं गोदाम होतं आणि मेघकेतूचा नाद त्यालाही होता.

"काकू, निळा सापडला! बंद पडलेल्या एका सलूनातून उचलला. तुम्ही पाहून घ्या. पण एक आहे काकू, मले पैशे नको. मले तुमचा मुखवटेवाला पाहिजे."

मुखवटेवाला म्हणजे सातव्या अंकाची मराठी प्रत, तिच्यात पोरांसाठी फुकट दिलेला कागदी मुखवटा, बांधायच्या दोऱ्यासकट, अजून शाबूत. बाकी साऱ्या महाराष्ट्रात पोरांनी अंक घेतल्याबरोबर मुखवटा फाडून तोंडावर बांधला होता. पाच वर्षांचा मोहितही त्यासाठी जमिनीवर लोळला होता, पण आईनं त्याला वर्तमानपत्राचा मुखवटा करून दिला आणि तो अंक वर ठेवून दिला. एवढा शाबूत मुखवटा दुसऱ्या कुणाकडे असल्याचं ग्रुपवर तरी कुणाच्या ऐकण्यात नव्हतं. प्रेमलताबाई फोन ठेवून बराच वेळ कपाटासमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "निळा असंल तर देऊन टाकतो मी. तो एक आला म्हणजे माझं झालं."

रविवारी मोहितचा हिंगण्याच्या कारखान्यात ओव्हरटाइम होता, म्हणून मयुराच स्कूटीवर निघाली. पुढं हेल्मेट घातलेली नूपुर, मागं सासूबाई. अमरावती रोडला ट्रक असे अंगावर येत होते की मयुरानं स्कूटी पार कडेला घेतली.

"आई, एका हातानं मला धरा ना!"

"हात कुठून आणू वं? दोन्ही गुंतले आहेत," मागून आवाज आला. मुखवटेवाला दोन पुठ्ठ्यांमध्ये, कापडी पिशवीत, छातीशी धरलेला होता.

विक्कीनं खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या. "या काकू, या वहिनी. चहा मागवला आहे." गोदामात पोत्यांची थप्पी, लोखंडी पट्ट्या, सुतळीचे गुंडे. मयुरानं एका नजरेत नूपुरला लागण्यासारख्या सात जागा हेरल्या आणि तिला मांडीवरच घेऊन बसली.

विक्कीनं फाइलीतून अंक काढून पुढं ठेवला. प्रेमलताबाईंनी आधी हात कोरड्या रुमालानं पुसले. मग त्यांनी चक्क डोळे मिटले. मयुरानं हे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. बोटं पाठीवरून सावकाश खाली आली, वरच्या पिनेवर थांबली, खालच्या पिनेवर थांबली. कागदाचा कोपरा अंगठ्यात धरून त्यांनी जरासा वाकवला आणि सोडला, तशी फट् करून आवाज झाला. मधलं पान उघडून त्यांनी वास घेतला.

"खालची पीन बोटभर खाली आहे. कागद पहिल्या रिमाचा. शाई मांगं उमटली आहे." त्यांनी डोळे उघडले. "छपाई पयलीच आहे, विक्की."

विक्कीनं पोत्यावर थाप मारली. "बोललो होतो ना! डोळे मिटून सांगतात बाप्पा, वहिनी! असा माणूस पूर्ण इंडियात नाही."

मयुराच्याही अंगावर काटा आला. हे शिकायला कुठलं कॉलेज नव्हतं. ही बाई घरी रोज तिच्याशेजारी बसून मेथी निवडते, याचं तिला नवल वाटलं.

"थांब गा," प्रेमलताबाई म्हणाल्या. "पयल्या छपाईत दोन्ही निघाले. सकाळचे निळे, दुपारचे जांभळे. शेला पाहू दे मले."

त्या अंक घेऊन दाराच्या उजेडात गेल्या. जवळ धरला, लांब धरला. एक डोळा मिटला, मग दुसरा. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. अंगठा नुसता पिनेवरून फिरत राहिला.

मयुरा पाहत होती. पाहत राहणं हा तिचा स्वभावच झाला होता. लेकराच्या आईला दुसरं काय काम असतं? आणि पाहता पाहता गेल्या दोन महिन्यांतल्या गोष्टी तिच्या मनात एकापाठोपाठ एक येऊन बसल्या. सासूबाईंनी नूपुरला शाळेत पाठवताना एक मोजा काळा घातला होता, एक निळा. जांभळ्या ब्लाउजला तपकिरी दोऱ्यानं हूक लावलं होतं. "डोळे दाखवून या," असं मयुरा म्हणाली, तर "नंबर बदलला असंल" म्हणून विषय संपवला होता.

आईंना शेला दिसत होता. शेल्याचा रंग दिसत नव्हता.

विक्कीसमोर तोंड उघडावं, तर आज संध्याकाळपर्यंत ग्रुपवर होईल की काकूंना रंग कळत नाही. न उघडावं, तर मुखवटेवाला जाणार. आणि शेला खरंच निळा आहे की नाही, हे मयुराला तरी कुठं ठाऊक? ती नूपुरचं बोट धरून उठली, सासूबाईंच्या बाजूला गेली आणि तिनं ते मुखपृष्ठ नीट पाहिलं. निळा तर होता, चांगला निळा होता. मेघकेतूच्या हातांवर ती नेहमीचीच पोरगी होती, पुरातून वाचवलेली. घरच्या आठही प्रतींत तिचे ओठ लाल, आणि कोपऱ्यातला किमतीचा गोलही लाल. नूपुर रोज ते ओठ पाहून 'लिपस्टिक' म्हणायची.

सलूनातून उचलला, असं विक्की म्हणाला होता. सलूनच्या काचेत लावलेले फोटो मयुराला आठवले. वर्षभर ऊन खाऊन सगळ्या हिरोंचे चेहरे निळे पडलेले असतात. तांबडं आधी उडतं. सकाळच्या चुकीत तांबडं फक्त शेल्यावरचं राहिलं होतं, ओठांवरचं नव्हे.

सासूबाईंचा हात पिशवीकडे चालला होता. "असंल बा... निळाच दिसून राहिला..."

"नूपुर," मयुरा एकदम मोठ्यानं म्हणाली, "ये गं, रंग रंग खेळू. हा शेला कोणत्या रंगाचा?"

"निया!"

"शाब्बास. आणि या ताईचे ओठ?"

नूपुरनं नाक कागदाला लागेल इतकं वाकून पाहिलं. "रंगच नाही, मम्मी. रंगवायचे राहिले."

प्रेमलताबाईंचा हात पिशवीवर थांबला. त्या मयुराकडे पाहत होत्या. मयुरा नूपुरच्या केसांतली क्लिप नीट करत होती.

"आन् हा गोल वं, माय?" त्यांनी नातीला विचारलं. आवाज अगदी हळू झाला होता.

"हा पण राहिला. त्यांच्याकडे लाल खडू नव्हता."

गोदामाबाहेर कुठला तरी ट्रक मागं घेत होते, त्याचा भोंगा वाजत राहिला. प्रेमलताबाईंनी अंक मिटला आणि विक्कीच्या हातात दिला.

"दुपारचा आहे, विक्की. जांभळा होता. ऊन खाऊन निळा झाला."

"काकू! लेकराच्या बोलण्यावर?"

"लेकरू खरं बोलून राहिलं. खोटं मी बोलत होती." त्या खुर्चीवर बसल्या. "मले दोन महिने झाले, निळा-जांभळा समजत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे म्हणे. डॉक्टरनं सांगितलं, मी घरी सांगितलं नाही. या पोरीनं आता झाकून घेतलं मले. पण झाकून काय करू?"

मयुरानं एवढं जपून घातलेलं पांघरूण सासूबाईंनी आपल्या हातानं काढून टाकलं होतं.

विक्की माणूस वाईट नव्हता. चहाचा ग्लास त्यांच्यापुढं सरकवत म्हणाला, "काकू, जाऊ द्या ना. मी कोणाले सांगणार आहे का? ऑपरेशन करून घ्या, पुन्हा सुरू. कोणाले काय समजते?"

"कुहीच्या गुरुजींले समजाले पाहिजे," प्रेमलताबाई म्हणाल्या. "मयुरा, रुपराव गुरुजींले फोन लाव वं."

आता मयुराच्या ध्यानात आलं. सहा आठवड्यांपूर्वी कुहीचे रुपराव गुरुजी ग्रुपवरच्या वर्ध्याच्या नंदिनीकडचा एक निळा शेला पारखून घ्यायला घरी आले होते. निवृत्त शिक्षक, घरची धानाची शेती, आणि मेघकेतूचं वेड. सासूबाईंनी तो अंक हातात घेऊन 'निळाच आहे' म्हटलं होतं. त्या शब्दावर गुरुजींनी नंदिनीला आपला मेघकेतूचा पहिला अंक बदल्यात दिला होता, आणि नंदिनीकडून तो पुढं जबलपूरला गेलाही होता. आता तो परत येणं नव्हतं.

फोन स्पीकरवर होता. प्रेमलताबाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पलीकडे कपाटाचं दार करकरलं. गुरुजींचा आवाज आला, "मले बी चष्म्यातून काही उमजून नाही राहिलं. वंदना, ये बरं माय इकडे. या पोरीचे ओठ पाह्य." त्यांची सून आली असावी.

"पांढरे आहेत म्हणते," गुरुजी म्हणाले. "जाऊ द्या, प्रेमलताबाई. मी तर दीड महिना निळाच समजून खूश होतो ना!"

"खूश होते ते माझ्या शब्दावर, गुरुजी. पुढच्या रविवारी येतो मी."

कशाला येता, असं गुरुजींनी विचारलं नाही आणि प्रेमलताबाईंनी सांगितलंही नाही. पण परत येताना त्या स्कूटीवर एका हातानं मयुराचा खांदा धरून बसल्या होत्या. घरापर्यंत हात काढला नाही.

घरी मोहितला कळलं तेव्हा तो हसून म्हणाला, "आई, मी लोळलो तेव्हा दिला नाही, आणि गुरुजींले देऊन राहिली?" पण आईचा चेहरा पाहून रविवारी त्यानं मित्राची गाडी मागून आणली.

कुहीला गुरुजींच्या घरी ओसरीवर सतरंजी घातलेली होती. वंदनानं पोहे केले होते. प्रेमलताबाईंनी पोह्यांना हात लावण्याआधी मुखवटेवाला पिशवीतून काढला आणि गुरुजींच्या पुढं ठेवला.

"हे काय?"

"तुमचा पहिला अंक गेला तो माझ्या डोळ्यानं गेला. त्याच्या बदल्यात."

"काहून असं करता, प्रेमलताबाई? मी मागितलं का तुम्हाले?"

"मागितलं असतं तर हुज्जत घातली असती तुमच्याशी," त्या म्हणाल्या. "मागितलं नाही म्हणूनच देऊन राहिली."

गुरुजींनी मयुराकडे पाहिलं, मोहितकडे पाहिलं. मयुराला वाटलं, आता ते नाही म्हणतील, मग आई पुन्हा म्हणतील, आणि हे जेवणापर्यंत चालेल. पण गुरुजी शाळेत हयात घालवलेला माणूस. समोरच्याला काय लागलं आहे ते त्यांना कळलं असावं. ते उठले, हात धुतले, धोतराला पुसले, आणि अंक मांडीवर घेतला. मुखवट्याच्या पानाशी आले तेव्हा त्यांनी बोट पुढं केलं आणि न लावताच मागं घेतलं.

"दोरा बी लागला आहे अजून," ते म्हणाले.

"हाव. पांढरा. तो मले दिसते," प्रेमलताबाई म्हणाल्या, आणि दोघं म्हातारे हसले.

मयुरा खांबाला टेकून पाहत होती. ज्या बाईनं पोटच्या पोराच्या रडण्यापुढं तो अंक सोडला नाही, तिनं तो असा देऊन टाकला होता. मयुरा स्वतः साधी चूक झाली तरी आठ दिवस मनात उगाळत बसायची, कुणाला कळू नये म्हणून झटायची. चूक अशी हातात घेऊन, गाडीत बसून, समोरच्याच्या ओसरीवर नेऊन ठेवता येते, हे तिला कुणी दाखवलं नव्हतं.

पोहे झाल्यावर प्रेमलताबाईंनी तिला जवळ बोलावलं. "मोबाइल काढ. ग्रुपवर लिहायचं आहे. मी सांगतो तसं लिही, गोड करू नको."

मयुरानं लिहायला घेतलं. सासूबाई सांगत गेल्या. गुरुजींचा अंक निळा सांगितला ती आपली चूक. विक्कीचाही निळा नाही. दोघांनीही कुणाला फसवलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत रंगाबद्दल आपल्याला कुणी विचारू नये.

"आणि पिना? कागद?" मयुरानं विचारलं. "ते तर तुम्ही डोळे मिटून सांगता, आई."

प्रेमलताबाई म्हणाल्या, "ते लिही. पिना अन् कागद मी सांगीन. रंग माझी सून पाहीन."

मयुराचा अंगठा अक्षरांवर अडला. "मला कुठं येतं, आई?"

"घरी चाल. जांभळ्यापासून सुरू करू."

तिनं रंग सून पाहील हेही लिहिलं, सगळं एकदा वाचून दाखवलं आणि सासूबाईंनी मान हलवल्यावर पाठवून दिलं.